फणसाखालचं पान

"ती भेंडी टाक. ती पलीकडची."

मी मुठीतल्या भेंड्यांकडे बघितलं. सगळ्या सारख्याच होत्या, कोवळ्या, देठाशी लव असलेल्या. सासूबाई माझ्याकडे पाठ करून सुरणाचा गड्डा उकरत होत्या, तरी मी कुठून काय तोडलं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

"पलीकडची म्हणजे कुठली, आई?"

"गडग्याच्या पलीकडची. तिथे बैल फिरलाय. उद्याच्या भाजीत ती चालायची नाही."

गडगा म्हणजे नुसते दगड एकावर एक रचून घातलेला कमरेएवढा बांध. त्याच्या अलीकडे घरामागचं परडं, पलीकडे आमचं शेत. एकच जमीन, एकच पाऊस, भेंडीचं बीही एकाच पुरचुंडीतलं. पण मधे चार दगड आले आणि माझ्या भेंड्या बाद झाल्या. मी त्या कमरेला खोचलेल्या पदरात वेगळ्या टाकल्या आणि मुकाट्याने अलीकडे आले. मुकाट्याने म्हणजे माझ्या मानाने. माझी आई म्हणायची, या पोरीच्या तोंडात घास असला तरी त्याच्या बाजूने प्रश्न बाहेर येतो.

लग्नानंतरचा माझा तो पहिला गणपती. आमचं बिऱ्हाड होतं महाडला, यांची नोकरी तिथल्या कारखान्यात. सासरच्या या गावी, दापोलीच्या अलीकडे, मी नीट राहायला म्हणून आले ती गणपतीलाच. सकाळी मूर्ती बसली होती, दुपारी मोदक झाले होते. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी तिकडे घरोघरी एकच भाजी शिजते, ऋषीची भाजी. परड्यात पिकलेलं सगळं त्या एका टोपात जातं, अळू, माठ, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मका, शेंगा, काय असेल ते. अट एकच. त्यातलं काहीही बैलाच्या कष्टाचं असता कामा नये.

आता मी घाटावरची, इंदापूरकडची. माझ्या वडिलांची खिल्लारी जोडी होती, आणि पोळ्याला त्या जोडीच्या तोंडी पुरणपोळी गेल्याशिवाय आमच्या घरात कुणी पाणीसुद्धा पीत नसे. त्या घरातून मी इथे आले, तर बैलाचा हात लागलेली भेंडीही चालेना. खरं सांगायचं तर मला ते जरा झोंबलंच.

"बैलाचा विटाळ असतो का हो आई तुमच्यात?"

सासूबाई वळल्या. बुटक्या, काटक बाई. कंबर त्या दिवसांत धरलेली असायची, त्यामुळे वळताना एक हात पाठीवर जायचा. नाव सत्यभामा, पण गावात सगळे भामाकाकू म्हणत.

"विटाळ कसला गो? काहीतरीच. उलट त्याला एक दिवस सुट्टी."

"मग उद्या फोडणी कशाची द्यायची?"

"फोडणी नाही. तेलच नाही."

"तेलाने काय केलं?"

"घाण्याला बैल असतो."

"अहो, आता तेल प्लास्टिकच्या पिशवीतून येतं."

"येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि सुरणाची माती झटकायला लागल्या.

मला गंमत वाटत होती ती याची, की बाई काही देवभोळ्या नव्हत्या. एकादशी त्यांना बहुतेक दुसऱ्या दिवशी आठवायची. सकाळी आरतीलाही त्या उभ्या राहिल्या तेव्हा हातात पळी होती, कारण आमटी चुलीवर होती. सोवळं-ओवळं, उपासतापास, सगळं सासऱ्यांच्या माथी. आणि या एका भाजीपुरती मात्र एवढी कडक शिस्त. परड्याचा हा तुकडा त्या दर वर्षी स्वतः टिकावाने खणायच्या, हे मी लग्नात सुद्धा चार तोंडांतून ऐकलं होतं. जोत दारात असताना बाई हाताने खणते म्हणून कुणी हसायचं, कुणी हात जोडायचं.

सुरण झाला, भोपळा झाला, पडवळं झाली. पालेभाजी सकाळी ताजी काढायची होती. शेवटी त्या परड्याच्या टोकाला गेल्या. तिथे जुना फणस आहे, आणि त्याच्या सावलीच्या जरा बाहेर मक्याची ओळ होती. तिथली कणसं त्यांनी मला तोडू दिली नाहीत. सोलून, दाणा नखाने टोचून, दूध येतंय का बघून एकेक निवडलं आणि स्वतःच्या ओच्यात घेतलं.

मी आपली इकडेतिकडे बघत होते. फणसाच्या बुंध्याशी दगडांचा एक ढीग होता. गडग्याचे दगड शेवाळाने हिरवे झालेले, आणि हे मात्र लालसर, उघडे. नवे होते, हे कुणालाही कळलं असतं. ढीगही कुणी टोपली उलटी करून फेकलेला नव्हता. मोठे खाली, लहान वर, असा बसून रचलेला होता.

"हे दगड इथे कुणी आणले?"

"निघतात जमिनीतून. टाकले असतील कुणीतरी." त्यांनी त्या ढिगाकडे बघितलंही नाही. "चल, दिवाबत्ती करायचीय."

संध्याकाळी मी मागच्या पडवीत सुरण चिरत बसले होते. हाताला चिंच चोळून घेतली होती तरी खाज सुटायची ती सुटलीच होती. सासूबाई आतल्या घरात नारळ खवत होत्या. तेवढ्यात माझा धाकटा दीर, गजानन, माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. गजा चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये कामाला होता. यंत्र म्हटलं की त्याचा जीव की प्राण. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, पण त्या दिवशी तो सकाळपासून गप्प होता.

"वहिनी, उद्याची भाजी परड्यातलीच ना?"

"मग काय बाजारातली? बाजारातल्या भाजीवर तर अख्खा ट्रॅक्टर फिरलेला असतो."

तो हसला नाही. उलट आत वाकून आई ऐकत नाही ना ते बघून आला.

"तेच विचारायचं होतं. टिलरला बैल धरायचं का?"

माझा हात थांबला. मग त्याने सगळं सांगितलं. जूनच्या आरंभाला आई देवरुखला गेली होती, माझी नणंद बाळंत झाली म्हणून. खणणीचे दिवस नेमके तेच. ती परत येईपर्यंत पाऊस लागला असता आणि तुकडा तसाच राहिला असता. तेव्हा गजाने ओळखीच्याचा पॉवर टिलर, म्हणजे नांगरटीचं छोटं यंत्र, आणला आणि परडं एका सकाळीत भुसभुशीत करून टाकलं. आई आल्यावर तिला सांगितलं, मजूर बायका लावून खणून घेतलं. तिने बी पेरलं, रोपं लावली, सगळं झकास आलं.

"आणि आता उद्या ती ते खाणार," गजा म्हणाला. "माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, वहिनी."

"भटजींना विचारलं नाहीत?"

"सकाळी पूजा झाल्यावर विचारलं ना. त्यांना पुढची घरं घ्यायची घाई. म्हणाले, श्रम म्हणजे जनावराचे, यंत्राला दोष नाही. मी म्हटलं, नक्की ना? तर मोटरसायकलला किक मारता मारता म्हणतात, पण मनाला लागत असेल तर करू नये."

मला हसू फुटलं. "म्हणजे चालतं पण आणि चालत नाही पण."

"हसू नका हो. माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नव्हतं ते. तात्यांनीच सांगितलं मला."

हे मात्र मला नवीन होतं. तात्या म्हणजे माझे सासरे. अबोल माणूस. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर त्यातली दोन पावसाबद्दल.

"तात्यांनी?"

"हो ना. म्हणाले, तिची कंबर आता खणायची राहिली नाही, मशीन घाल. पण आधी थांब. आणि मग दगड वेचत बसले. अख्खा तुकडा, हाताने. मी मशीन घेऊन बाहेर उभा. त्या टिलरवाल्याचे फोनवर फोन. मी म्हटलं, तात्या, लोखंड आहे ते, त्याला काय होतंय, दगड आला तर आला. तर म्हणाले, अडकतं. म्हटलं, अडकलं तर जरा जोर लावू. त्यावर असे बघितले माझ्याकडे. म्हणाले, अडकल्यावर ओढायचं नसतं."

"आणि दगड फणसाखाली रचले."

"तुम्हाला कसं कळलं?"

मी उत्तर द्यायच्या आत तात्या पडवीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. गजा उठून विहिरीकडे सटकला.

"सूनबाई, तिला सांगू नकोस. उद्याचा दिवस जाऊ दे."

"पण तात्या, त्यांना कळलं तर?"

"कळलं तर ती जेवायची नाही. वर्षातून हे एक जेवण ती स्वतःचं म्हणून जेवते. माझ्यामुळे तेवढं जायला नको."

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांनी चहाची कपबशी तात्यांच्या शेजारी पायरीवर ठेवली आणि परत गेल्या. तात्यांनी ती उचलली. हे मी आल्यापासून बघत होते. त्या दोघांत भांडण नव्हतं. त्यांना चहा वेळेवर मिळायचा, जेवण गरम मिळायचं, आंघोळीचं पाणी काढलेलं असायचं. पण सासूबाई त्यांच्या हातात म्हणून काही द्यायच्या नाहीत. शेजारी ठेवायच्या, आणि ते उचलायचे. मी यांना विचारलंही होतं. हे म्हणाले, असंच आहे पहिल्यापासून. मुलांना आईवडिलांचं काही विचित्र वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्या रात्री माझा डोळा लागेना. एक तर माझ्या पोटात काही राहत नाही. आणि दुसरं म्हणजे, एखाद्याच्या पानात त्याच्या नकळत काही वाढायचं, हे मला पटत नव्हतं. माझ्या वडिलांना कुणी फसवून पोळ्याला बैलांच्या आधी घास भरवला असता, तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. तात्यांचा शब्द मोडायचा म्हणजे सासरी पहिल्याच सणाला आगाऊपणा. पण भीतीपेक्षा मला पडलेलं कोडं मोठं होतं. एवढं काय आहे त्या तुकड्यात, हे मला कळायलाच हवं होतं.

पहाटे पाऊस पडून गेला होता. उजाडता उजाडता सासूबाई रोवळी घेऊन परड्यात आल्या, मागे मी. अळवाच्या पानांवर पाण्याचे थेंब नाचत होते. त्या देठाशी विळा लावत होत्या आणि पानं माझ्या हातात देत होत्या.

"आई, एक सांगायचंय. रागवाल."

"मग सांगून टाक. रागवायला मला वेळ लागत नाही."

"हा तुकडा बायकांनी खणलेला नाही. टिलर घातला होता. गजाभावजींनी."

त्यांनी आणखी एक पान कापलं, माझ्या हातात दिलं.

"ठाऊक आहे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"अगो, इतकी वर्षं या मातीत हात आहे माझा. खणलेली माती कशी असते नि दळलेली कशी, मला कळत नाही होय? देवरुखहून आले त्याच संध्याकाळी बघितलं. सगळीकडे एकसारखी. टिकावाने माती अशी होत नाही, माणूस मधे दमतो. आणि त्या कोपऱ्यात ऑइल सांडलेलं. मजूर बायका काय ऑइल पितात?"

"आणि तरी तुम्ही पेरलंत?"

"पेरलं."

"आज खाणार?"

"न खायला काय झालं?" त्यांनी विळा खाली ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "मला राग आला तो मला विचारलं नाही याचा. बायकांनी खणलं म्हणून तोंडावर थाप मारली याचा. मशीनवर कशाला रागवायचं? त्याला भूक आहे का तहान? त्याच्या पाठीवर वळ उठतो का?"

"मग ऋषींचं?"

"ऋषींचं काय?"

आता माझं डोकंच चालेना. मी अळवाची जुडी छातीशी धरून तशीच उभी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा वेळ बघितलं. काय मनात आलं कोण जाणे. कदाचित मी खिल्लारवाल्याची मुलगी हे आठवलं असेल.

"चांद्या म्हणून बैल होता आमचा," त्या म्हणाल्या. "कपाळावर पांढरा चांद. तुझ्या बापाच्या बैलांसारखा उंचापुरा नव्हे, आमचा कोकणातला बुटकाच. पण गुणाचा. तुझा नवरा रांगत त्याच्या पायात जायचा तर खूर उचलून धरायचा, टेकवायचा नाही. त्या साली पाऊस लवकर लागला. यांनी सगळ्या वाडीची नांगरट आधी उरकली. कुणाला नाही म्हणवत नाही ना यांना. घरचा हा तुकडा राहिला. चांद्याने सकाळपासून वैरणीला तोंड लावलं नव्हतं. मी मागच्या दारातून म्हटलं, आज सोडा जोत. म्हणाले, एवढा कोपरा राहिलाय."

त्यांनी पायाने जमीन दाखवली. आम्ही उभ्या होतो तिथेच.

"इथे दगड फार. फाळ अडकला. मी म्हटलं, आधी दगड काढा, मग हाका. परत म्हटलं. पाऊस होता, ऐकू गेलं नसेल, असं मी मला समजावते. यांनी काठी उचलली. चांद्याने ओढलं. फाळ सुटला, आणि तो गुडघे टेकून खाली बसला. मला वाटलं दमला. तो उठलाच नाही."

कुठेतरी आरती सुरू झाली होती. झांजांचा आवाज येत होता.

"तात्या काय म्हणाले?"

"काही नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. फणसाखाली पुरला. दुसऱ्या दिवशी मी टिकाव घेतला. त्यांना सांगितलं, या तुकड्यात यापुढे बैल नको, मला ऋषीची भाजी करायची असते. ऋषींचं नाव घेतलं की पुढे कुणी विचारत नाही बघ. तेव्हापासून मी ते एक जेवण तेवढं असं जेवते. ज्यात त्याच्या जातीला त्रास नाही."

माझे डोळे भरून आले होते. मला माझ्या वडिलांच्या गोठ्याची आठवण आली, आणि काल मी विटाळ असा शब्द वापरला होता त्याचीही. त्या मात्र कोरड्या होत्या. माठाच्या जुडीला हात घालत म्हणाल्या, "चल, ऊन वर येतंय."

मी हलले नाही. मला तो लाल दगडांचा ढीग दिसत होता.

"आई, ते दगड कुणी वेचले, ठाऊक आहे?"

"गजाने. मशीनचे दात जपायला."

"भावजींनी नाही. ते तर कंटाळले होते. तात्यांनी वेचले. मशीन बाहेर उभं करून, अख्ख्या तुकड्यातले, हाताने. मशीन घालायचंही तेच म्हणाले, तुमच्या कमरेसाठी. भावजी म्हणाले, अडकलं तर जोर लावू. तर तात्या म्हणाले, अडकल्यावर ओढायचं नसतं."

सासूबाईंचा हात माठावरच राहिला.

"काय म्हणाले?"

"अडकल्यावर ओढायचं नसतं."

"असंच म्हणाले?"

"भावजींनी असंच सांगितलं."

त्या हळूहळू फणसाकडे गेल्या. ढिगापाशी उभ्या राहिल्या. वरचा एक दगड उचलला, उलटापालटा केला, आणि जिथला तिथे ठेवला. इतके दिवस त्या तिथून येत-जात होत्या आणि त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं. मग पदराने तोंड पुसलं. पाठ माझ्याकडे होती, म्हणून घाम पुसला की काय ते मला दिसलं नाही.

भाजी चुलीवरच करायची होती. मोठ्या टोपात आधी सुरण आणि मक्याचे तुकडे, मग भोपळा, पडवळ, शेंगा, आणि शेवटी निवडलेला पाला. चिंचेचं पाणी, ठेचलेली ओली मिरची, मीठ. फोडणी नाही, मसाला नाही. मला वाटलं होतं आजाऱ्याच्या जेवणासारखं काहीतरी होणार. पण झाकण काढून त्यांनी ओलं खोबरं घातलं तेव्हा असा वास सुटला की गजा विहिरीवरून न बोलावता आला.

त्या सकाळी त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. मी आपली घाबरले. एक मन म्हणत होतं, कशाला नाक खुपसलंस. तात्या मला एकदा ओटीवर दिसले तर मी नजर चुकवली. त्यांना वाटलं असेल मी शब्द पाळला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

दुपारी पानं मांडली. हे, गजा, तात्या एका रांगेत बसले. वरीचा भात वाढून झाला. मग सासूबाईंनी केळीच्या पानाचा एक तुकडा घेतला आणि टोपातून भाजी काढायला लागल्या. मी शेजारीच होते, म्हणून मला दिसलं. त्या पळीने बाकीचं बाजूला सारून मक्याचे तुकडे शोधत होत्या. त्या पानावर सगळा मकाच मका होता, भाजी नावाला.

"ऋषींचं पान," गजा माझ्याकडे वळून म्हणाला. "हे आई दर वर्षी फणसाखाली ठेवून येते. ते झाल्याशिवाय आम्हाला घास नाही."

सासूबाई ते पान घेऊन निघाल्या, आणि मागच्या दाराकडे न जाता तात्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो."

तात्यांनी वर बघितलं.

"हे तुम्ही ठेवून या."

तात्यांनी सवयीने जरा मागे सरून जमिनीवर जागा केली. म्हणजे त्या खाली ठेवतील आणि मग ते उचलतील. पण सासूबाई वाकल्या नाहीत. पान पुढे धरून उभ्याच राहिल्या. कमरेमुळे त्यांना फार वेळ तसं उभं राहता येत नसे, पण त्या हलल्या नाहीत. तात्यांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. मला वाटतं, तेव्हा त्यांना सगळं समजलं.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि पान घेतलं. गजाचं तोंड उघडंच राहिलं.

ते मागच्या दाराने गेले. बाहेर ऊन होतं आणि बारीक पाऊसही. आम्ही बसून राहिलो. भात निवायला लागला. हे दोनदा खाकरले. गजा उठून बघायला निघाला तर सासूबाई म्हणाल्या, "बस. येतील."

बराच वेळ गेला. तात्या आले तेव्हा त्यांचे केस भिजले होते आणि लेंग्याच्या दोन्ही गुडघ्यांना लाल माती लागली होती. ती झटकायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते पानावर बसले. सासूबाईंनी त्यांना भाजी वाढली, मग सगळ्यांना, आणि कधी नव्हे ते स्वतःचंही पान त्यांच्या शेजारीच मांडून घेतलं. मी पहिला घास घेतला. तेलाचा थेंब नसलेली ती भाजी इतकी गोड लागली की मला माझंच नवल वाटलं.

"मका फार होता त्या पानात," तात्या म्हणाले.

"हो."

"त्याला आवडायचा."

सासूबाईंनी घास कालवला, पण उचलला नाही.

"म्हणूनच लावते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं."

तात्यांना ठसका लागला की आणखी काही, ते मला कळलं नाही. पाण्यासाठी त्यांनी हाताने जमीन चाचपली.

"मला वाटायचं, ऋषींना," ते म्हणाले.

"ऋषींनी कधी नांगर ओढलाय?" सासूबाई म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला.